मागे बसलेल्यांचं काय?

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या जत्रेत दशावतार रात्रभर चाले. लिखित संहिता नाही. आख्यान कुठलं ते संध्याकाळी ठरे, संवाद नट उभ्याउभ्या रचत. सिंहासन म्हणून एक बाकडं; पेटी, पखवाज, झांज. आधी गणपती येऊन जाई, संकासुर हसवून जाई, मग मूळ कथा. मध्यरात्र उलटली की मागची माणसं पेंगू लागत, आणि ते राजाला आमच्याआधी कळे. लांबलेला उपदेश तो दोन वाक्यांत आवरता घेई, पखवाज चढे, युद्ध जुंपे. पुढे कुठल्याही शिबिरात याहून नेमकं मला कुणी शिकवलं नाही.

पुण्यात एकांकिकांच्या दिवसांत मात्र वारं उलटं होतं. प्रेक्षकाचा विचार म्हणजे तडजोड. ‘काही कळलं नाही’ हीसुद्धा दादच!

मग तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ पाहिलं. नाटक १९७२चं, मी पाहिलं बऱ्याच वर्षांनी. सुरुवातीला गणपती नाचत आला आणि मी जत्रेतल्यासारखी सैलावून बसले. तेंडुलकरांना तेच हवं असणार. रांगेत उभे असलेले ब्राह्मण गातात, डोलतात, पाठ फिरवतात. बघता बघता ती रांग पडदा होते आणि तिच्याआड काय चाललंय ते आपण माना उंचावून शोधू लागतो. नमन झालं की पुढे काय येतं, हे प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेलं असतं. तेंडुलकरांनी त्या सवयीलाच हात घातला. याला प्रेक्षकाचा अनुनय कोण म्हणेल?

आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहिताना ऐकणारी बाई भाजी निवडत असेल, हे धरूनच पात्रांची नावं पुन्हापुन्हा घ्यायची. मालिकांत प्रेक्षक दर गुरुवारी टीआरपीच्या आकड्यात येई. एका बैठकीत ऐकलं, ‘आपल्या बायकांना हे झेपणार नाही.’ आमच्याकडच्या बायका उघड्यावर बसून पहाटेपर्यंत राक्षस, शाप, कपट सगळं रिचवत. आणि सकाळी घरी येऊन नटाचं कुठे चुकलं तेही सांगत.

आता तालमीला मी एखाद्या अनोळखी माणसाला शेवटच्या रांगेत बसवते. ‘आवडलं का?’ हे विचारत नाही. भिडेपोटी सगळे होच म्हणतात. मध्येच तालीम थांबवून विचारते, ‘आता पुढे काय होईलसं वाटतंय?’ उत्तर आलं की लेखकाला वही उघडायला सांगते.