पुरवठा शाखेतली विपश्यना

तहसील कार्यालयात पुरवठा शाखेचं टेबल कुणी हौसेनं मागून घेत नाही. रेशनकार्डात नाव वाढवा, नाव कमी करा, १२ अंकी नंबर द्या, दुकानातल्या मशीनवर अंगठा जुळत नाही, सर्व्हर बंद. खिडकीशी आलेला प्रत्येक माणूस आधीच दोन ठिकाणांहून परत पाठवलेला असतो. माझी रक्तदाबाची गोळी याच टेबलावर सुरू झाली. तेव्हा आमचे अव्वल कारकून म्हणाले, "मॅडम, इगतपुरीला जाऊन या. शासन रजा देतं." खरंच देतं. विपश्यना शिबिरासाठी राज्य कर्मचाऱ्याला रजा मिळते, हे इतकी वर्षं नोकरी करून मला ठाऊक नव्हतं.

इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून शिबिरं चालू आहेत. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून खर्च भागतो. मुक्काम १० दिवसांचा, पहाटे ४ला घंटा, फोन जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस काम एकच, नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. पुढे अंगभर मन फिरवून जे जाणवेल ते नुसतं बघायचं. गुडघा ठणकला, बघा. खाज सुटली, बघा. खरं सांगायचं तर मला फार कंटाळा आला. धीर आला तो भलत्याच गोष्टीनं. ही शिबिरं सुरू करणारे गोएंका गुरुजी ज्यांच्याकडे हे शिकले ते सयाजी ऊ बा खिन स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते, आणि रंगूनमध्ये आपल्याच कचेरीतल्या माणसांना त्यांनी ध्यानाला बसवलं होतं. म्हणजे ही विद्या आमच्यापर्यंत आली ती फायलींच्या ढिगातूनच!

परत आले तेव्हा खिडकीवरची गर्दी तशीच होती. माझ्या एवढं लक्षात यायला लागलं की आवाज चढण्याआधी माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. मध्ये एक-दोन श्वास जातात. तेवढी सवड पुरते.

एक आजी तावातावानं आल्या. "बाई, सुनंचं नाव चढवता का मी मेल्यावर चढवणार?" कान तापले. ते तापू दिले आणि त्यांच्या हातातली पिशवी मागून घेतली. आत अर्जाच्या तीन-चार पोचा, प्रत्येकीवर एकच शेरा, 'त्रुटी'. कसली, ते कुणीच लिहिलेलं नाही. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमीच झालेलं नव्हतं, म्हणून आमच्याकडे अर्ज अडकत होता. माहेर शेजारच्याच तालुक्यातलं. तिथल्या शाखेत फोन लावला, आजींना कागदावर काय आणायचं ते लिहून दिलं, आणि काम मार्गी लागलं. यात अध्यात्म कसलं? त्यांच्या ओरडण्यातलं म्हणणं मला ऐकू आलं, एवढंच.

साहेबांना हे भलतंच आवडलं. "मॅडम बघा, किती शांत झाल्यात," असं त्यांनी बैठकीत सांगितलं आणि लगेच शेजारच्या रिक्त टेबलाचा अतिरिक्त कार्यभार माझ्या गळ्यात घातला. कचेरीतल्या ध्यानाचं कौतुक सुरू झालं की मला धास्ती वाटते ती याचीच. कर्मचारी कुरकुरेनासा झाला की जागा भरायची घाई कुणाला राहत नाही. एरवी मी टपरीवर चहा घेताना साहेबांचा उद्धार करून मोकळी झाले असते. या वेळी कान तापले, निवले, पण गाऱ्हाणं काही निवलं नाही. ते खरंच होतं. मग रीतसर टिपणी लिहिली. रोजचे अर्ज किती, मंजूर पदं किती, भरलेली किती. खिडकीवर टोकन द्यावं. शेरा मारणाऱ्यानं त्रुटी कोणती ते लिहावंच. एकही विशेषण घातलं नाही, त्यामुळे साहेबांना चिडायलाही जागा सापडली नाही.

टोकन सुरू झालं. पोचेवर आता त्रुटीचं कारण लिहिलं जातं. अक्षर मात्र लागत नाही. टेबल अजून रिक्तच आहे. जिल्हा कार्यालयाला एक स्मरणपत्र गेलंय, दुसऱ्याचा मसुदा साहेबांच्या सहीसाठी ठेवलाय.