पंधरा तास

एप्रिल संपत आला होता. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर सकाळचं पहिलं उड्डाण काही ना काही कारणाने लांबत गेलं आणि आम्ही धावपट्टीवर आलो तोवर पारा 42 वर गेला होता. माझ्या डाव्या हाताला धानोरा तालुक्यातून आलेला, आश्रमशाळेत शिकलेला मुलगा. दोन आसनी सेसना 152 पूर्ण ताकदीने पळालं, उठलं, पण वर चढेना. नेहमीच्या झाडांवरून जाताना नेहमीची उंची नव्हती. त्याने उंचीमापकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, हे आज जड काहून झालं?"

उतरल्यावर फळ्यावर गणित मांडलं. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर. त्या उंचीवर प्रमाण तापमान 13 अंश धरतात, आज 42. फरक 29 अंशांचा, प्रत्येक अंशाला साधारण 120 फूट. बेरीज साडेचार हजार फुटांच्या आसपास गेली. हवा इतकी विरळ की विमानाच्या लेखी आपण सोनेगावला नाही, महाबळेश्वरला आहोत. पंखाला धरायला हवा कमी, इंजिनाला श्वास कमी. तो थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडं मे महिन्यात बैलबी असाच दमते." पाठ्यपुस्तकातली डेन्सिटी अल्टिट्यूड ही संकल्पना इतक्या चटकन कुणी पचवलेली मी पाहिली नव्हती. उन्हात तेंदूपानं तोडायला गेलेल्या मुलाला हवा, वारा, ढग वेगळे शिकवावे लागत नाहीत. त्यांची इंग्रजी नावं तेवढी सांगावी लागतात.

मी आयुष्यभर मुलांना उडायला शिकवलं. त्यात दलित, आदिवासी, मुस्लिम घरांतली मुलं बोटांवर मोजण्याइतकी. ज्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे, जिथून दीक्षाभूमी काही मैलांवर आहे, तिथे हे मोजताना मला दरवेळी त्रास झाला आहे. अडतं कुठे, ते लिहायचं म्हणून हा लेख.

विदर्भाला आकाश परकं नाही. 30 जानेवारी 1949 ला रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात भेटत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत परतत. आज सोनेगावला विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालचा सरकारी नागपूर फ्लाइंग क्लब आहे, गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे आणि अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने वर्षाला 180 वैमानिक घडवण्याची शाळा जाहीर केली. बिरसीच्या आसपास धानाच्या बांध्यांत रोवणी करणाऱ्या बायांच्या डोक्यावरून शिकाऊ विमानं जातात. बेलोरा आणि आदिवासी मेळघाट एकाच जिल्ह्यात. विमान दिसतं, आवाज ओळखीचा होतो, पण त्यात बसलेला मुलगा बहुतेक वेळा दुसऱ्या गावचा, दुसऱ्या ऐपतीचा असतो.

पहिली अडचण बारावीची. व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखाच नसेल, तर मुलगी कला शाखेला जाते आणि सतराव्या वर्षी हे दार लागतं. मुक्त विद्यालयातून हे दोन विषय नंतर देता येतात, हे तिला सांगणारं कुणी नसतं. इंग्रजीचा मात्र बाऊ केला जातो. रेडिओवरची भाषा कॉलेजातली नसते. ठरलेले शब्द, ठरलेला क्रम. माझा धानोऱ्याचा मुलगा घरी गोंडी, शाळेत मराठी, वसतिगृहात हिंदी बोलायचा. चौथी भाषा त्याने व्हरांड्यात फेऱ्या मारत, मुठीचा माइक करून दोन महिन्यांत बसवली.

खरी अडचण पैशाची, आणि पैसा कसा येतो त्याची. सीपीएलला 200 तासांचं उड्डाण लागतं. आज हा सगळा खर्च 50 लाखांच्या आसपास जातो. भागाकार करा: तासाला 25 हजार. केंद्र सरकारच्या अनुसूचित जातींसाठीच्या उच्च श्रेणी शिक्षण योजनेत खासगी फ्लाइंग क्लबसाठी मर्यादा ठरली ती विद्यार्थ्यामागे वर्षाला 3.72 लाख. म्हणजे पंधरा तासही पुरते होत नाहीत. पंधरा तासांत काय होतं, हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा. मुलाचा हात बसायला लागलेला असतो, विमान सरळ उतरू लागलेलं असतं, तो पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडण्याच्या, उंबरठ्यावर असतो. नेमका तिथे पैसा थांबतो. कर्ज काढावं, तर साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. आदिवासीची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीच्या नावे होत नाही. हा कायदा त्याच्या रक्षणासाठी आहे आणि तो हवाच. पण त्यामुळे त्या सातबाऱ्याकडे बँक तारण म्हणून बघायला तयार नसते.

मी एका ठिकाणी शिकवत असताना एका मुलाच्या शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता सात महिने आला नाही. फाइल कुठल्या टेबलावर होती, ते आता उगाळत नाही. सात महिन्यांनी तो परत विमानात बसला तेव्हा फ्लेअर विसरला होता. जमिनीच्या जरा वर विमानाचं नाक अलगद उचलून धरायचं, तो क्षण हातातून निसटला होता. धक्के खात उतरलो. पुन्हा माझ्यासोबत सर्किटं, पुन्हा तासाचे पैसे. वह्या-पुस्तकांचं शिक्षण खंड पडला तरी जागेवर राहतं, उड्डाणाचं राहत नाही.

पैसा सरळ संस्थेकडे गेला की काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. 'एक होता कार्व्हर' वाचलेल्या मराठी माणसाला टस्कीगी, कार्व्हर शिकवत ते अमेरिकेतलं काळ्यांचं कॉलेज, माहीत आहे. त्याच टस्कीगीत 1939 साली अमेरिकी सरकारची नागरी वैमानिक प्रशिक्षण योजना आली. काळ्या मुलांना विमानाजवळ फिरकू न देण्याचे ते दिवस. पण योजना कॉलेजांमार्फत राबवायची ठरली आणि काळ्यांची कॉलेजं त्यात घेतली गेली. शिकवण्याचे, विमानाचे पैसे सरकार संस्थेला देत होतं. मुलाच्या बापाला शेत विकावं लागत नव्हतं. मार्च 1941 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट तिथे आल्या आणि काळे प्रशिक्षक चार्ल्स अँडरसन यांच्यासोबत छोट्या विमानातून फिरून आल्या. तो फोटो देशभर गेला. पुढे युद्धकाळात टस्कीगीतून सुमारे हजार लष्करी वैमानिक तयार झाले. योजना आली तेव्हा वृद्ध कार्व्हर त्याच आवारात राहत होते.

मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: उड्डाण विद्यापीठाच्या आवारात आलं. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. एव्हिएशन पदवी बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या महाविद्यालयात मिळते. म्हणजे आपल्याकडे हे होऊ शकतं. नागपूर, अमरावती, गोंडवाना या विद्यापीठांनी जवळच्या प्रशिक्षण संस्थांशी असा करार केला, तर मुलाला वसतिगृह मिळेल, मेस मिळेल, ग्रंथालय मिळेल. उद्या कान-डोळ्यांच्या तपासणीत तो अपात्र ठरला, तर हातात निदान पदवी राहील. (मेडिकल आधी, फी नंतर, हे मी प्रत्येक पालकाला हात जोडून सांगतो.) आणि शिष्यवृत्तीची रक्कम सत्राच्या सुरुवातीलाच संस्थेकडे जमा हवी, लॉगबुकातल्या तासांप्रमाणे वळती होणारी. आधी भरा, मग परतावा मागा, ही रीत इथे चालत नाही.

दार उघडलं की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. 1985 मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता-सिल्चर मार्गावर केवळ महिलांच्या चमूसह फोकर फ्रेंडशिप नेलं. आज भारतातल्या वैमानिकांत जवळपास 15 टक्के महिला आहेत, जगात हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास. ओडिशातल्या मलकानगिरीची अनुप्रिया लाक्रा, पोलिसातल्या हवालदाराची आदिवासी मुलगी, 2019 मध्ये विमान कंपनीत वैमानिक झाली. हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमाचे वडील बेकरीत कामाला. तिला परवाना मिळाला, तरी पुढच्या प्रशिक्षणाचा खर्च पेलणारा नव्हता; तिथे राज्य सरकारने मदत केली.

तो पुढचा खर्च म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचं आणि मग विशिष्ट मोठ्या विमानाचं प्रशिक्षण, टाइप रेटिंग. आणखी पंधरा-वीस लाख. 200 तास झाले, परवाना हातात आला, गावात सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, की योजना संपते.

धानोऱ्याचा माझा विद्यार्थी तिथेच थांबला आहे. त्याचे 200 तास पूर्ण आहेत. नागपुरात भाड्याच्या खोलीत राहतो, बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो आणि त्या पैशांतून दरवर्षी क्लास वनची वैद्यकीय तपासणी करून घेतो, कारण ती बारा महिन्यांनी संपते. परवा संध्याकाळी त्याचा फोन आला. "सर, याही वर्षी फिट आलो."