चाकवत आणि पुस्तकातील खूण

दिल्लीचा हिवाळा डिसेंबरच्या मध्यानंतर आपले खरे रूप दाखवू लागतो. सकाळी धुक्यात समोरची इमारत दिसेनाशी होते, नळाचे पाणी बोटांना झोंबते आणि विरजलेले दूध घोंगडीत गुंडाळल्यावाचून त्याचे दही होत नाही. मात्र याच दिवसांत भाजीबाजाराला बहर येतो. लालबुंद गाजरे, मटारच्या टपोऱ्या शेंगा, मेथीच्या आणि मोहरीच्या पाल्याच्या जुड्या यांनी हातगाड्या भरून जातात.

यमुनेपलीकडे, नोएडात, एक मराठी दांपत्य राहते. नोकरीच्या निमित्ताने साताऱ्याहून दिल्लीला आलेले हे पती-पत्नी निवृत्तीनंतरही येथेच स्थिरावले. ओळखीची मंडळी त्यांना काका-काकू म्हणतात. प्रारंभी काकूंना येथील बाजार परका वाटे. भाजीवाला ‘बथुआ’ म्हणून पुढे करतो, तो आपला चाकवतच आहे, हे त्यांना पान चुरडून पाहिल्यावर कळले. ‘छोलिया’ म्हणजे आपले सोलाणे, हाही शोध त्यांनीच लावला. नावे बदलली तरी चव ओळखीची निघाली आणि परका बाजार हळूहळू आपला झाला. आता दर हिवाळ्यात त्यांच्या घरी ताकातला चाकवत शिजतो. त्यात हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे पडतात, वरून लसणीची फोडणी बसते. जानेवारीत शेजारी लोहडीची शेकोटी पेटवतात, त्याच सुमारास काकूंच्या तव्यावर भोगीसाठी तीळ लावलेली बाजरीची भाकरी फुगत असते.

या स्वयंपाकाला वाचनाची जोड होती. संध्याकाळी काकू ओट्याशी उभ्या राहत आणि काका दाराजवळ स्टुलावर बसून मोठ्याने पुस्तक वाचत. काकूंची शाळा चौथीनंतर सुटली होती. घरात धाकटी भावंडे होती. त्यांना सांभाळायला कोणीतरी हवे होते. वाण्याची यादी त्या लिहीत, पत्रावरचा पत्ता वाचत. परंतु पुस्तक मात्र त्यांनी स्वतःच्या हाती कधी धरले नाही. “तुम्ही वाचता, तेच बरं वाटतं,” असे त्या म्हणत. काकांनाही त्यात समाधान होते.

2025 च्या फेब्रुवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत भरले. 1954 नंतर प्रथमच राजधानीला हा मान मिळाला होता. लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर अध्यक्षस्थानी होत्या. जात्यावर दळता दळता बायांनी रचलेल्या ओव्या हेही साहित्यच, ही जाण देणाऱ्या अभ्यासकांपैकी त्या एक. संमेलनाहून परतताना काकांनी लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ घरी आणले. हिवाळ्यात वाचू, असे ठरले.

हिवाळा आला, पण डिसेंबरात काकांच्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. काही दिवस वाचन वर्ज्य होते. पुस्तक फळीवर पडून राहिले. एका संध्याकाळी काका मटार सोलीत बसले होते. शेंगा सोलायला दृष्टीची फारशी गरज नसते. ते म्हणाले, “अगं, आज तू वाच.”

“अहो, मला कुठं जमतंय!” काकूंनी हात पदराला पुसले. परंतु थोड्या वेळाने त्यांनी पुस्तक उघडले. बोट ओळीखाली धरून त्या एकेक शब्द वाचू लागल्या. जोडाक्षरापाशी अडखळत, वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेत. पहिल्या दिवशी अर्धे पान झाले. आठवड्याने दोन पाने होऊ लागली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या टोकाच्या सोवळ्याची हकिगत वाचताना त्या इतक्या हसल्या, की दूध उतू गेले.

लक्ष्मीबाईही शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर पतीच्या प्रोत्साहनाने त्या लिहा-वाचायला शिकल्या. 1873 मध्ये, अकराव्या वर्षी लग्न होऊन रानड्यांच्या घरी आलेल्या रमाबाईंनाही न्यायमूर्तींनीच शिकवले आणि त्यापायी त्यांना घरातील बायकांचा रोष सोसावा लागला. काकांना हे सारे माहीत होते. मटार सोलता सोलता आता त्यांच्या मनाला एक गोष्ट बोचू लागली. त्यांच्या घरात तर विरोध करणारे कोणीच नव्हते. वर्षानुवर्षे त्यांनी पत्नीला वाचून दाखवले. परंतु कोणते पुस्तक घ्यायचे, कोठे थांबायचे, कोणते पान गाळायचे, हे तेच ठरवीत आले. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. आपण तिला गोष्टी दिल्या, पुस्तक मात्र आपल्याच हाती ठेवले, असे त्यांना वाटले. ते त्यांनी काकूंना बोलूनही दाखवले. काकू क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मीही कधी मागितलं नाही.”

जानेवारीच्या अखेरीस काकांना नवा चष्मा मिळाला. त्या संध्याकाळी त्यांनी उत्साहाने पुस्तक हाती घेतले. खूण म्हणून ठेवलेले बसचे जुने तिकीट आदल्या दिवशीच्या पानावर नव्हते. ते तब्बल पंधरा पाने पुढे गेले होते. टिळकांच्या धर्मांतरानंतर त्या पती-पत्नींची ताटातूट झाली, तो भाग काकूंनी दुपारी एकट्याने वाचला होता. काकांना आधी किंचित चुटपूट लागली.

“मला सोडून पुढं गेलीस?” त्यांनी विचारले.

“ती दोघं पुन्हा एकत्र येतात की नाही, ते कळेपर्यंत चैन पडेना,” काकू म्हणाल्या. “तुम्ही मागून या. आणि आज भाकऱ्या तुम्ही थापा. पीठ मळून ठेवलंय.”

काकांची पहिली भाकरी कडेने फाटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. ओट्यावर चाकवत रटरटत होता. दाराजवळच्या स्टुलावर काकू वाचत होत्या. त्यांचे बोट आता ओळीखाली नव्हते.