संचालक काय सोडून देतो

शंभर वादकांपुढे उभा असलेला माणूस स्वतः एकही सूर वाजवत नाही, तरीही तिकिटं त्याच्या नावावर खपतात. ही निव्वळ व्यक्तिपूजा आहे, हा आक्षेप सहज उडवून लावण्यासारखा नाही. मॉस्कोत 1922 साली निघालेल्या पेरसिम्फान्स या वाद्यवृंदाने दहा वर्षं संचालकाविना सिंफनी वाजवल्या. न्यूयॉर्कचा ऑर्फियस वाद्यवृंद 1972मध्ये स्थापन झाला तोही संचालकाविनाच. आपल्याकडे तर गायक आणि तबलजी एकमेकांना ऐकूनच समेवर येतात, मध्ये संचालकाची छडी कशाला? पण बैठकीत ते दोघं हातभर अंतरावर असतात. मोठ्या रंगमंचावर मागच्या ट्रम्पेटचा सूर 17 मीटर कापून पुढच्या व्हायोलिनपर्यंत पोचायला सेकंदाचा विसावा भाग घेतो. सगळे नुसत्या कानाच्या भरवशावर वाजवू लागले तर लय घसरणारच. छडी मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसते. पेरसिम्फान्सचे वादक एकमेकांकडे तोंड करून वर्तुळात बसत आणि ऑर्फियस आकाराने लहान आहे, तेव्हा छडीचं काम तिथेही टळलेलं नाही. ते नजरेने आणि भरपूर तालमींनी वाटून घेतलं.

मात्र लय दाखवणं एवढंच काम असेल तर त्याचं एवढं कौतुक का करावं? माझ्या मते संचालकाची थोरवी तो वादकांवर काय सोपवतो यावरून ठरते. क्लाउदिओ अब्बादो हे त्याचं मला सर्वांत पटणारं उदाहरण. पन्नासच्या दशकात व्हिएन्नात तो आणि मुंबईचा झुबिन मेहता हान्स स्वारोव्स्कींकडे शिकत होते. मोठ्या संचालकांच्या तालमी बाहेरच्यांना बंद असत, म्हणून दोघंही समूहगायनात खर्जाच्या आवाजात उभे राहिले आणि ब्रुनो वॉल्टर, कारायान यांना जवळून न्याहाळत राहिले. संचालन घडतं ते तालमीत, हे त्या वयात ओळखणं मला विलक्षण वाटतं. पुढे अब्बादोच्या स्वतःच्या तालमीत बोलणं अगदी कमी असे, आणि एकमेकांना ऐका, हीच मागणी पुन्हापुन्हा असे. कारायाननंतर 1989मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकच्या वादकांनी मतदान करून त्याला संचालक म्हणून निवडलं. 2003मध्ये त्याने ल्युसर्नचा महोत्सवी वाद्यवृंद नव्याने उभा केला, तेव्हा क्लॅरिनेटवादक साबिने मेयर, चेलोवादक नतालिया गुटमन अशी माणसं त्याच्यासाठी वृंदात येऊन बसली. असे वादक मिळाले तर कुणीही यशस्वी होईल, असं म्हणता येईल. पण एकल वादनात मुरलेली माणसं एकत्र आली की प्रत्येकाचा सूर पुढे येऊ पाहतो. तो सूर शेजाऱ्याच्या सुरात विरघळायला तयार होणं ही फार अवघड गोष्ट आहे.

माहलरच्या नवव्या सिंफनीचं शेवटचं पान या तयारीची परीक्षा घेतं. फक्त तंतुवाद्यं उरतात, तीही आवाज दाबून. ओळी तुटत जातात, मधल्या जागा लांबतात आणि अखेरचे सूर व्हायोलाच्या वाट्याला येतात. इतक्या संथ लयीत छडीच्या दोन ठोक्यांमध्ये केवढी तरी जागा राहते, ती वादकांनी एकमेकांच्या श्वासावर सांभाळायची असते. 2010मध्ये ल्युसर्नला हे पान संपल्यावर जवळजवळ दोन मिनिटं टाळी पडली नाही. अब्बादोची कर्करोगाची शस्त्रक्रिया 2000मध्ये झाली होती, हे श्रोत्यांना ठाऊक होतं. ती शांतता काही अंशी जिव्हाळ्याचीही असेल. त्याआधीच्या व्हायोलांचा स्पष्टपणा मात्र जिव्हाळ्याने येत नाही.

हे सारं ध्वनिमुद्रणातही ऐकू येतं, मग सभागृहात कशाला जायचं? ध्वनिमुद्रणात सुरांचा तोल ध्वनिमुद्रक लावतो, आणि कोण कुणाच्या भरवशावर वाजवतो आहे ते त्यात बरंचसं झाकलं जातं. बर्लिनच्या 1963च्या फिलहार्मोनी सभागृहात वाद्यवृंदाच्या मागेही खुर्च्या आहेत. तिथे हॉर्न आणि टिंपनी अंगावर येतात, व्हायोलिनं पाठमोरी राहतात, म्हणून जाणकार त्या टाळतात. मला त्याच हव्यात. संचालकाचा चेहरा समोर असतो. त्याचा डावा हात कधी थांबतो आणि तो थांबल्यावर ओबोवाला कुणाकडे बघतो, हे तिथूनच कळतं.