वस्तादांनी उतरवलेला पंप

मागे काँक्रीटचा मिक्सर ओढणाऱ्या पिकअपचा डिझेल पंप वाढवायचा नसतो, कुणी वाढवला असेल तर तो उतरवायचा असतो. हे मला भोरच्या एका पंपवाल्या वस्तादांनी शिकवलं. माझं घर स्लॅबच्या कामावर चालतं आणि ते काम आजवर टिकलं त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. नाव छापलेलं त्यांना आवडायचं नाही, म्हणून वस्ताद एवढंच लिहितो. त्यांच्या दुकानात येणारं गिऱ्हाईकही दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारत नसे.

आमच्याकडे भातं निघाली की बांधकामं सुरू होतात आणि मृगाच्या आत आटपावी लागतात. तोरणा-राजगडाच्या पट्ट्यात एकदा पाऊस लागला की चार महिने उघड्यावर काँक्रीट टाकायचं नाव काढता येत नाही. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, तोंडात मात्र अजून वेल्हंच येतं. तर वेल्ह्यात स्लॅब पडतात ते दिवाळी ते मे एवढ्या काळात, आणि स्लॅब पडतो तो एका दमात. मध्येच काम थांबलं तर जुन्या आणि नव्या मालात जॉइंट राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात नेमका तिथूनच गळतो. म्हणून माणसं आठला आली तर चालतं, मिक्सर मात्र त्याआधी जागेवर उभा पाहिजे.

हा एक पोत्याचा हॉपरवाला मिक्सर टनाच्या वर भरतो. त्याचं लहान डिझेल इंजिन फक्त ड्रम फिरवतं, चाकं नाही. त्याला स्वतःचे ब्रेकही नसतात. दांडी पिकअपच्या हुकात घालायची, वरून पिन टाकायची, पिनेला चिमटा लावायचा आणि निघायचं. हौद्यात व्हायब्रेटर, फावडी, घमेली, पाण्याचे पाइप, डिझेलचे कॅन. सपाटीला हे सगळं निमूट मागे येतं. नसरापूर ते विंझर रस्त्यावर कुणाला काही कळतही नाही. पाबे घाट लागला की कळतं.

तात्या, म्हणजे माझे चुलते, या धंद्यातले घरचे पहिले. त्यांच्याकडे महिंद्राची जुनी पिकअप होती. २५२३ सी.सी.चं इंजिन, टर्बो नाही, मेकॅनिकल पंप. मिक्सर लावून पाबे घाट चढताना ती पहिल्या गेअरवर यायची. घाटापलीकडे खानापूरच्या बाजूला कामं वाढली तशी तात्यांची घाई वाढली आणि एका गॅरेजवाल्याने त्यांना सांगितलं, पंप वाढवून देतो, तिसऱ्यात चढेल. त्याने पंपाचं सील तोडलं, डिझेल वाढवायचा स्क्रू फिरवला. गाडी खरंच पळायला लागली. चढाला मागे काळ्या धुराचा लोट निघायचा आणि त्यालाच आम्ही सगळे ताकद समजायचो. पुढे एप्रिलच्या उन्हात, मिक्सर मागे असताना, घाटाच्या वरच्या वळणांत पाणी उकळलं, हेड गॅस्केट गेलं, ऑइलच्या झाकणाला आतून पांढरा फेस दिसला. त्या दिवशीचा स्लॅब दुसऱ्याचा मिक्सर आणून टाकावा लागला. तात्यांचे मिक्सरचे हप्ते अजून चालू होते.

गाडी टोचन करून भोरला नेली, वस्तादांकडे. ते पुण्यात नाना पेठेत उमेदवारी करून आलेले. दुकान म्हणजे पत्र्याची लांबट खोली, अर्धी जागा पंप टेस्टिंगच्या बेंचने अडवलेली. हेडचं काम सुरू झालं तसा त्यांनी पंप काढून बेंचवर चढवला आणि मला जवळ बोलावलं. बेंचच्या वरच्या अंगाला काचेच्या नळ्या ओळीने उभ्या, चार सिलिंडरच्या चार. मोटर सुरू झाली, ठरावीक फेरे झाले, चारही नळ्यांत डिझेल चढत गेलं. तीन नळ्यांत जवळपास सारखं आणि चौथीत बोटभर जास्त. सगळ्याच नळ्या कंपनीच्या मापाच्या कितीतरी वर. वस्तादांनी काचेवर नख ठेवलं आणि म्हणाले, “हितवर पायजे. वरचं सगळं डिझेल तुझ्या तात्यानं हवेत सोडलंय.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मला कुठल्याही वर्गात इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. डिझेल इंजिनात पायाखाली हवा नसते, डिझेल असतं. हवा प्रत्येक फेऱ्याला जेवढी सिलिंडरमध्ये मावते तेवढीच येते. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तो फक्त डिझेल वाढवायला. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवत गेलं की सुरुवातीला थोडी ताकद मिळते, त्यापुढे नुसता धूर आणि उष्णता. रिकामी गाडी चढावर एखादा मिनिट जोर करते आणि सुटते. ओढणारी गाडी तसा जोर घाटभर करते, वेग कमी, रेडिएटरला वारा कमी. साठलेली उष्णता पिस्टनच्या माथ्यात, व्हॉल्व्हमध्ये, हेडमध्ये शिरते. म्हणून जी गाडी जास्त ओढते तिला डिझेल मोजून द्यायचं. त्यांनी तो स्क्रू मागे घेतला, चारही नळ्या एका पातळीवर आणल्या. नोझल हातपंपावर लावून फवारा बघितला. दोन नोझल फवारा सोडायच्या ऐवजी थेंब टाकत होते. ते बदलले, नाशिकच्या मायकोचेच घातले.

टायमिंगही कुणीतरी पुढे घेतलेलं होतं. पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर समोरासमोर छिन्नीच्या दोन बारीक खुणा असतात, त्या गव्हाच्या दाण्याएवढ्या सरकलेल्या होत्या. वस्तादांनी बोल्ट ढिले करून पंप हलकेच फिरवला, खुणेला खूण मिळवली. टायमिंग पुढे घेतलं की डिझेल वेळेआधी पेटतं, पिस्टन अजून वर चढत असताना. गाडी तरतरीत वाटते, पण कमी फेऱ्यांवर लोड ओढताना टकटक आवाज येतो आणि तो मार बेअरिंगांवर बसतो. फार मागे घेतलं तर ताकद जाते आणि सायलेन्सर तापतो. कंपनीने खूण मारली आहे ती हजार तऱ्हेची लोडं बघून मारली आहे, असं ते म्हणाले. पंपही मायकोचाच, आणि मायको म्हणजे बेंगळुरूला १९५१ साली बॉशच्या सहकार्याने सुरू झालेली कंपनी. खुद्द बॉशने जर्मनीत डिझेल पंप बनवायला सुरुवात केली १९२७ साली. एवढ्या वर्षांच्या मापावर स्क्रू ड्रायव्हर चालवायचा तर हातात निदान बेंच तरी हवा, असा त्यांचा आग्रह होता. मला तो आजही शंभर टक्के बरोबर वाटतो.

तात्या मात्र नाराज झाले. पैसे देऊन गाडी पुन्हा पहिल्यासारखी मंद करून घ्यायची, हे त्यांना पटेना. वस्तादांनी वाद घातला नाही. काम संपल्यावर म्हणाले, “मिक्सर लावा, मी येतो संगं.” आणि खरंच आले. दुकान मुलावर सोपवून दिवसभर.

पाबे घाट आम्ही दुसऱ्या गेअरवर चढलो, अवघड वळणांवर पहिल्या. सावकाश, पण तापमानाचा काटा जागचा हलला नाही आणि मागे धूर नव्हता. वर गाडी थांबवून त्यांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. खाली उतरताना आमच्याकडच्या ड्रायव्हरांची सवय न्यूट्रल करायची, डिझेल वाचतं म्हणून. वस्तादांनी गेअर लिव्हरवर माझ्या हातावर हात ठेवला. “ज्या गेअरात चढलास त्याच गेअरात उतर. मिक्सरला ब्रेक न्हाई. तो तुला ढकलणार. तू इंजिनावर धर त्याला.” ॲक्सिलरेटर सोडला की पंप डिझेल बंद करतो, चाकंच इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्यांना अडवतं. ब्रेकला काम उरतं ते फक्त वळणापुरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ड्रम तापतात आणि पेडल पोटात जातं. खाली पोचल्यावर त्यांनी मला चाकाजवळ हात न्यायला लावला. ड्रम कोमट होता.

मग रस्त्याच्या कडेला उभं राहून ते तात्यांना म्हणाले, “पंप वाढवला तर गाडी चढंल. थांबंल का?” तात्या काही बोलले नाहीत. परत भोरला गेल्यावर वस्तादांनी स्वतःच्या वेल्डिंगवाल्याकडून हुकाला जाड साखळी लावून दिली, पिन निसटली तरी दांडी रस्त्यावर पडू नये म्हणून.

पैशाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि म्हणाले, स्लॅबचा हंगाम सरू द्या, मग बघू. तात्यांनी ज्येष्ठात सगळे पैसे चुकते केले. त्या उधारीमुळे मिक्सरचा हप्ता चुकला नाही, मिक्सर ओढून नेला गेला नाही आणि पुढे तो धंदा माझ्या हाती आला. पैसे फिटले, हे मी जाणतो. मुलावर दुकान टाकून घाटात घालवलेला तो दिवस मात्र वहीत कुठेच लिहिलेला नव्हता.

पुढे वस्तादांच्या घराचा स्लॅब आमच्याच मिक्सरवर पडला. मी भाडं घेणार नाही म्हटलं. त्यांनी पोती मोजली, चालू दराने हिशेब केला आणि पैसे माझ्या खिशात कोंबले. “धंद्याचं धंद्याला,” म्हणाले. त्या दिवशी त्यांच्याशी हुज्जत घालायची माझी हिंमत झाली नाही.

आता आमची पिकअप कॉमन रेलची आहे. किती डिझेल, कधी, किती दाबाने, हे सगळं इंजिनाचं कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, ठरवतं. त्यामुळे स्क्रू फिरवायला जागा उरली नाही, पण मोह तसाच आहे. रीमॅप करून देतो, बॉक्स लावून देतो म्हणणारे पुण्यात खूप. स्वस्तातला बॉक्स साधी गोष्ट करतो: रेलमधला दाब खोटा, कमी दाखवतो, मग ईसीएम दाब वाढवतं आणि जास्त डिझेल आत जातं. अमेरिकेत पिकअपमागे घोड्यांचे आणि बोटींचे ट्रेलर ओढतात. तिथल्या हातात धरायच्या ट्यूनरमध्येही ओढण्यासाठीची सेटिंग शर्यतीच्या सेटिंगपेक्षा सौम्य असते, आणि जाणते चालक एक्झॉस्टच्या उष्णतेचा काटा लावून घेतात. भोरच्या पत्र्याच्या खोलीत वस्ताद काचेच्या नळीवर नख ठेवून तेच सांगत होते. शिवाय १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो, जादा डिझेलाने तो तुंबतो. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही बसत नाही.

वस्तादांच्या दुकानात आता मुलगा स्कॅनर घेऊन बसतो. बेंच आहे, जुने ट्रॅक्टर आणि टेम्पो अजून त्यावर येतात.

भोर-वेल्ह्यातल्या पिकअपवाल्या पोरांना माझी विनंती आहे. बॉक्सचे पैसे हातात असतील तर आधी त्यातून मागचे लायनर नवे टाका, रेडिएटर साफ करून घ्या, मिक्सरच्या दांडीला साखळी लावा. मग मिक्सर जोडून पाबे घाट एकदा दुसऱ्या गेअरवर उतरा आणि खाली आल्यावर ड्रमजवळ हात नेऊन बघा. तो पोळत असेल तर पंपाचं किंवा बॉक्सचं बोलूच नका.