खुआंग

चर्चमध्ये वाद्यं असावीत की नसावीत, या वादाची आपल्याला गंमत वाटेल. आपला देव काकडआरतीला टाळ-मृदंगाच्या गजरात उठतो. पण ख्रिस्ती जगात यावरून मोठी भांडणं झाली आहेत. जुन्या करारातली स्तोत्रं कर्णे, वीणा आणि झांजांनी भरलेली आहेत, तर नव्या करारातल्या मंडळ्यांच्या उपासनेत वाद्याचा उल्लेखच नाही. कॅल्विनच्या जिनिव्हात स्तोत्रं नुसत्या गळ्यानं गात. ऑर्थोडॉक्स परंपरेतही बहुतेक ठिकाणी तसंच आहे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चनं उपासनेत वाद्यांना परवानगी दिली ती थेट २०१० मध्ये.

हे सगळं मी नंतर वाचलं. मला हा प्रश्न भेटला मिझोराममध्ये, आणि तिथं तो पुस्तकी नव्हता.

खुआंग म्हणजे मिझोंचा ढोल. लाकूड पोखरून दोन्ही तोंडांना कातडं ताणलेलं, काठीनं वाजवायचा. १८९४ मध्ये पहिले मिशनरी आयजोलला राहायला आले, मागून वेल्श प्रेस्बिटेरियन आले. खुआंग त्या काळी ‘झू’ या तांदळाच्या दारूबरोबर, मेजवान्यांत आणि जुन्या विधींत वाजायचा. त्यामुळे दारूबरोबर ढोलही दाराबाहेर गेला. नव्या ख्रिस्ती मिझोंना सोल-फावर पाश्चात्त्य चालीची भजनं शिकवली गेली. पुढे धर्मजागृतीच्या लाटा आल्या. १९१९ च्या सुमाराच्या लाटेनंतर लोकांनी खुआंग पुन्हा आत आणला. त्याच्या ठेक्यावर विलंबित, जरा उदास वाटणारी सामूहिक गाण्याची त्यांची स्वतःची पद्धत तयार झाली. तिला ‘लेंगखोम झाई’ म्हणतात. एक जण पुढची ओळ मोठ्यानं सांगतो आणि सगळे ती उचलतात. आपल्या भजनी मंडळातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

एका मिझो जवानाचं पार्थिव घेऊन मी त्याच्या गावी गेलो होतो. सलामी झाली, बिगुल वाजला, दफन झालं. आमच्या लेखी काम संपलं होतं. पण वडिलांनी रात्री थांबायला सांगितलं. ते चर्चचे ‘उपा’, म्हणजे वडीलधारे पंच. अंधार पडल्यावर गावातली तरुण मुलं-मुली घरात येऊन जमिनीवर दाटीवाटीनं बसली. मध्ये खुआंग होता. आईजवळ बसून ती रात्री उशिरापर्यंत गात राहिली. दुसऱ्या रात्रीही येणार होती. आधी मी अवघडलो. आमच्या घरी सुतकात रेडिओसुद्धा लावत नाहीत.

“पू,” मी वडिलांना विचारलं (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला असंच म्हणतात), “दुःखाच्या घरी ढोल चालतो?”

ते त्यांच्या हिंदीत म्हणाले, “साहेब, एकटा माणूस गायला लागला की मध्येच रडू फुटतं. ढोल थांबत नाही, म्हणून आम्हीही थांबत नाही.” थोड्या वेळानं म्हणाले, “माझ्या आजोबांना ख्रिस्ती होताना हाच सोडायला लावला होता.”

ज्या राज्यानं १९६६ नंतरची वीस वर्षं फौजेचं दुसरं रूप पाहिलं, तिथल्या घरात मी वर्दीत बसलो होतो. मला सरकून जागा करून दिली होती.

आपल्याकडेही हे घडलं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण टाळ आणि कीर्तन मागं टाकलं नाही. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’मधून आजही गातात. उलट पेटी मूळची युरोपातली, आणि आज तिच्याविना आपलं भजन अडतं. फौजेत तर नवं निशाण देताना ढोल रचून त्यावर ते ठेवतात आणि सर्व धर्मांचे धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतात.

तरीही वाद्य नको म्हणणाऱ्यांना मी वेडे समजत नाही. त्यांचा एक मुद्दा खरा आहे: वाद्य चढलं की माणसं गायची थांबतात आणि ऐकायला लागतात. माझा निकष त्यामुळे साधा झाला आहे. वाद्य कुठून आलं ते मी पाहत नाही. ते वाजताना शेवटच्या बाकावरची म्हातारी गातेय का, एवढंच पाहतो.

त्या गावच्या चर्चमध्ये आता कीबोर्ड आणि ड्रमसेट आहे. उपांना ड्रमसेट अजिबात आवडत नाही. “पोरं छान वाजवतात,” ते फोनवर म्हणाले, “पण वळून आमच्याकडे बघत नाहीत.” खुआंग मात्र पुलपिटजवळ त्याच्या जागेवर आहे. सध्या तो गेलेल्या जवानाचा धाकटा भाऊ वाजवतो.