संधि कीं विग्रह?

छत्तीस वर्षें संस्कृत शिकवितांना ‘संधि’ या शब्दाचा ‘तह’ असाही अर्थ आहे, हें मी मुलांना सांगत आलों. पण भर रस्त्यांत उभें राहून परक्या माणसाशीं तह करण्याचा प्रसंग मजवर साठी उलटल्यावर आला.

गोष्ट गेल्या श्रावणांतील. आमच्या नगरांत, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरांत, सावेडीच्या बाजूस भाजी घेऊन मी मोटार मागें घेत होतों. मागें उभा असलेला तीनचाकी टेंपो मला दिसला नाहीं, असें लिहिणें सोपें आहे. खरें हें, कीं मीं वळून पाहिलेंच नाहीं. टेंपोचा दिवा फुटला, पत्रा दबून चाकाला लागला, आणि माझ्या मोटारीचा मागील बंपर चिरला. कोणास इजा झाली नाहीं, ही ईश्वराची कृपा.

टेंपोचा मालक तिशीचा तरुण. मीं मास्तरी थाटांत म्हटलें, “घाबरूं नकोस, विमा आहे.” तो शांतपणें म्हणाला, “काका, विम्याचं मला काय कळत न्हाई. पहाटं चारला माल न्यायचाय, तो कशात न्यायचा तेवढं सांगा.”

तासाभरांत येतों, असा शब्द देऊन मी घरीं आलों आणि पॉलिसीचे कागद काढून हिशोबास बसलों. बंपर ६,००० रुपयांचा. प्लॅस्टिकच्या भागावर कंपनी निम्मी घट कापते, आणि ती न कापण्याची जादा सोय मीं घेतलेली नव्हती. राहिले ३,०००. त्यांतून १,५०० सी.सी.पर्यंतच्या मोटारीस सक्तीचे १,००० वजा जाऊन हातीं २,००० येणार. उलट, वर्षानुवर्षें दावा न केल्यामुळें स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यांत मला ५० टक्के सूट मिळत होती. माझ्यापुरती ती वर्षाला २,८०० रुपये. एक दावा केला कीं ती शून्यावर, आणि मग २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या पुन्हा चढावयाच्या. तेव्हां माझ्या बंपरचा प्रश्न त्रैराशिकानेंच सोडविला.

त्या तरुणाचा प्रश्न मात्र तसा सुटेना. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें प्रत्येक मोटारवाल्यास सक्तीचा आहे खरा. पण तंटा पडला तर ती भरपाई मागण्यास त्यानें मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें जावयाचें. ज्याला पहाटे चारची चिंता, त्याला वकील आणि तारखा दाखवावयाच्या काय? शिवाय कंपनीच्या लेखी संमतीवांचून कोणास भरपाई कबूल करूं नये, अशी पॉलिसीची अट. म्हणजे मी जें कबूल करीन तें माझ्याच पदरचें, हें समजूनच मी परत गेलों.

गॅरेजवाल्यानें ३,८०० रुपये सांगितले. टेंपो दुसऱ्या दिवशीं दुपारीं मिळणार होता. मीं पैसे दिले आणि सवयीप्रमाणें कागद केला: तारीख, वाहनांचे क्रमांक, रक्कम, आणि शेवटीं ‘याउपर कांहीं येणें नाहीं’. त्यानें न वाचतांच सही केली.

घरीं येऊन हा पराक्रम मीं सौ.ला सांगितला. कागद वाचून ती म्हणाली, “दिव्याचे दिलेत, पत्र्याचे दिलेत. अहो, पण त्याची उद्याची पहाट कोणी भरून दिली?”

मजजवळ उत्तर नव्हतें. कागदाप्रमाणें मी मोकळा होतों, आणि तो कागद माझ्याच हातचा होता! रात्रभर तें ‘याउपर’ मला सलत राहिलें. सकाळीं गॅरेजवर जाऊन मीं त्याच्या हातीं १,२०० रुपये ठेवले. त्यानें त्यांतले २०० परत केले. “दुसऱ्याचा टेंपो भाड्यानं नेला, काका. हजारच झाले.” आदल्या दिवशीं हे हजार त्यानें मागितलेही नव्हते.

वाचकहो, सर्वच प्रसंगीं आपसांत मिटवावें, असें मी म्हणत नाहीं. माणसास थोडीही इजा झाली असेल तर आधीं उपचार, आणि मग तहाची गोष्टच नको. नुसत्या नुकसानींतही पोलीस जाग्यावर नसल्यास २४ तासांच्या आंत ठाण्यावर वर्दी द्यावी व कंपनीस लेखी कळवावें, असें त्याच कायद्याचें १३४ वें कलम सांगतें; मींही तसें केलें. नुसतें कळविणें म्हणजे दावा करणें नव्हे. कागदही अवश्य करावा. पण ‘याउपर कांहीं येणें नाहीं’ हे शब्द लिहिण्यापूर्वीं समोरच्याला एकदां विचारावें, कीं तुझें आणखी काय गेलें?

व्याकरणांतील संधींत दोन वर्ण जवळ आले कीं बहुधा एकास तरी आपलें रूप सोडावें लागतें. तहाचेंही तसेंच असावें. आणि ज्याची चूक, त्यानें आधीं सोडावें. बंपरची चीर मीं अद्याप तशीच ठेविली आहे. मोटारींत बसण्यापूर्वीं ती दृष्टीस पडते, आणि मग मी मागें वळून पाहतों.